स्वस्तातली दिल्लीची गाडी आणि आपला सीमाभाग

यंदाच्या वेळ अमावस्येला भालकी तालुक्यातल्या एका शिवारात आम्ही मंडळाची काही कुटुंबे जमलो होतो. भज्जी, उंडे, आंबील सगळे यथास्थित झाले. जेवणानंतर बांधालगत लावलेल्या गाड्यांच्या सावलीत बसलो असताना कोणीतरी सहज नंबरांच्या पाट्या वाचायला सुरुवात केली. सात गाड्या होत्या. केए-३८ आणि केए-३९ या आपल्या बिदरच्या आणि भालकीच्या. एमएच-२४ लातूरच्या व्याह्यांची. टीएस-०९ हैदराबादला नोकरी करणाऱ्या भाच्याची. इथपर्यंत नवल काहीच नव्हते. पण उरलेल्या दोन मोठ्या पांढऱ्या डिझेल गाड्यांवर डीएल अशी अक्षरे होती, आणि आमच्यापैकी कोणाचेही दिल्लीत कोणी राहत नाही.

हे दृश्य आता बिदर आणि कलबुर्गी या दोन्ही जिल्ह्यांत सर्रास दिसते. तूर विकून पैसा हातात आला की घरात सात माणसांच्या गाडीची चर्चा सुरू होते. तुळजापूर, गाणगापूर, अक्कलकोट, माणिकनगर या वाऱ्या, लग्नसराई, दवाखान्यासाठी सोलापूर किंवा हैदराबादची धावपळ, यासाठी मोठी गाडी लागतेच. नवी परवडत नाही म्हणून जुनी पाहिली जाते. गेल्या काही महिन्यांत मंडळाच्या सभासदांनी आम्हाला याबद्दल इतक्या वेळा विचारले की एकदा सविस्तर लिहावे असे ठरले. इंजिनाबद्दल लिहिणार आहोतच. पण आमचे मत आधीच सांगून टाकतो: आपल्या भागात जुनी गाडी फसते ती बहुतेक वेळा इंजिनात नाही, कागदात फसते.

याचे कारण आपल्या इतिहासात आहे. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा जुन्या बिदर जिल्ह्याचे तीन तुकडे झाले. उदगीर, अहमदपूर, निलंगा मुंबई राज्यात गेले. जहीराबाद, नारायणखेडचा भाग आंध्रात गेला. बिदर, भालकी, हुमनाबाद, औराद म्हैसूर राज्यात आले. सोयरिकी मात्र होत्या तिथेच राहिल्या. आजही आपल्या घरात लेक निलंग्याला दिलेली असते, सून उमरग्याची असते आणि मुलगा हैदराबादला असतो. त्यामुळे गाडी एका राज्यात नोंदलेली, दुसऱ्या राज्यात विकलेली आणि तिसऱ्या राज्यात फिरणारी असणे आपल्याला विचित्र वाटत नाही. पुण्याच्या माणसाला एमएच गाडी सोडून दुसरी पाहायची वेळ सहसा येत नाही. आपल्याला मात्र दर वेळी येते. दलालांनाही हे पक्के ठाऊक आहे.

आधी दिल्लीचे प्रकरण समजून घेऊ, कारण सध्याच्या स्वस्ताईचे मूळ तिथे आहे. एप्रिल २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने राजधानी परिसरात दहा वर्षांपेक्षा जुन्या डिझेल गाड्या चालवण्यास बंदी घातली. पेट्रोल गाड्यांसाठी मर्यादा पंधरा वर्षांची. ऑक्टोबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. म्हणजे गुरुग्राम, नोएडा, दिल्लीतला मालक नऊ वर्षे झाली की अस्वस्थ होतो आणि चांगली चालती गाडी पडेल भावात सोडतो. ती व्यापाऱ्यांच्या हातून दक्षिणेकडे येते. पुढे १ जुलै २०२५ पासून अशा गाड्यांना दिल्लीत पंपावर इंधनच द्यायचे नाही असा आदेश निघाला, दोन-तीन दिवसांत आरडाओरड होऊन तो थांबवला गेला. १२ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने केवळ वयावरून सक्तीची कारवाई करू नका असे सांगितले, आणि डिसेंबरमध्ये हे संरक्षण बीएस-४ आणि त्यापुढच्या गाड्यांपुरते मर्यादित केले.

आता यातून आपल्यासाठी काय निघते ते पाहा. बीएस-४ गाडीच्या दिल्लीतल्या मालकाला आज पूर्वीइतकी घाई राहिलेली नाही. तरीही आपल्याकडचा दलाल अजून 'दिल्लीत बंद झाली म्हणून मिळाली' हीच गोष्ट सांगतो. गोष्ट जुनी झाली आहे. मग ती गाडी एवढी स्वस्त का, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. आणि बीएस-३ गाडी असेल तर हिशेब आणखी सोपा आहे. देशभर बीएस-४ लागू झाले १ एप्रिल २०१७ ला, पण दिल्ली परिसर, मुंबई, पुणे, हैदराबाद, बंगळुरू अशा तेरा शहरांत ते २०१० पासूनच होते. या तेरांत आपले सोलापूरही होते. म्हणून बिदरला नोंदलेली २०१५ ची डिझेल गाडी बीएस-३ असू शकते, पण मूळ दिल्लीची बीएस-३ म्हणजे साधारण २०१० ची किंवा त्याआधीची. तिची पंधरा वर्षांची नोंदणी संपलेली किंवा संपत आलेली. 'दिल्लीची, २०१४ मॉडेल' असे सांगून आरसीवर बीएस-३ दिसत असेल तर तिथेच चहा संपवून उठावे.

काही सभासदांच्या मनात भीती आहे की आपल्याकडेही दहा वर्षांची डिझेल गाडी बंद होईल. तसा कोणताही नियम कर्नाटकात आज नाही. मोटार वाहन कायद्याप्रमाणे खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, नंतर तपासणी करून दर पाच वर्षांनी नूतनीकरण होते. एप्रिल २०२२ पासून मोटारीच्या नूतनीकरणाची फी ६०० रुपयांवरून ५,००० झाली आहे, राज्याचा कर वेगळा. २०१२ ची गाडी आज घेतली तर हा खर्च पुढच्या वर्षीच दारात उभा राहतो. किंमत ठरवताना तो विसरला जातो.

आता कागदांकडे येऊ. परराज्यातली गाडी बारा महिन्यांहून अधिक काळ आपल्या राज्यात ठेवली तर इथला नवा नंबर घ्यावा लागतो, असे कलम ४७ सांगते. त्यासाठी मूळ आरटीओची ना हरकत, म्हणजे एनओसी लागते. ही एनओसी सरसकट 'कर्नाटकसाठी' नसते, एका विशिष्ट कार्यालयाच्या नावाने निघते. दलालाने दाखवलेल्या एनओसीवर उत्तर प्रदेशातल्या एखाद्या जिल्ह्याचे नाव असेल तर ती बिदरच्या खिडकीवर चालत नाही. सभासद कागद पाहतात, शिक्का पाहतात, आणि नेमके हे नाव वाचत नाहीत. इंग्रजीत असते आणि अक्षर बारीक असते हे खरे, पण घरात शिकलेली मुले आहेत, त्यांच्याकडून वाचून घ्या.

दुसरा मोठा घास म्हणजे कर्नाटकचा आजीवन कर. देशात जिथे हा कर सर्वांत जड आहे अशा राज्यांत आपले राज्य येते. नव्या मोटारीवर ५ लाखांपर्यंत १३ टक्के, १० लाखांपर्यंत १४, १० ते २० लाखांना १७ आणि त्यावर १८ टक्के, शिवाय वर उपकर. जुनी गाडी बाहेरून आणली की वयाप्रमाणे सूट मिळते, पण हिशेब सुरू होतो तो गाडीच्या मूळ किमतीपासून, आपण दलालाला मोजलेल्या रकमेपासून नव्हे. अठरा लाखांची गाडी पाच लाखांत मिळाली म्हणून कर पाच लाखांवर बसत नाही. मूळ राज्यात भरलेल्या कराचा उरलेला भाग परत मागता येतो, कायद्यात तरतूद आहे. मात्र लातूरच्या गाडीचा परतावा लातूरला जाऊन मागता येईल. दिल्लीच्या गाडीचा मागायला कोण जाणार? म्हणून एमएच-२४, एमएच-१३ किंवा एमएच-५५ उदगीरची गाडी आणि डीएल गाडी यांची तुलना करताना दलालाचा भाव शेजारी शेजारी मांडू नका. कर, एनओसीची धावपळ आणि परतावा धरून मांडा. आम्ही दोन-तीन सभासदांसाठी असा हिशेब कागदावर करून पाहिला. दिल्लीचा 'स्वस्तपणा' अर्ध्याहून अधिक वितळला.

पाटी न बदलता तशीच फिरवत राहू, गावातल्या गावात कोण विचारतो, असेही म्हटले जाते. विचारणारा एक दिवस येतो, आणि तो बहुतेक अपघाताच्या दिवशी येतो. विमा जुन्या मालकाच्या नावावर असेल तर समोरच्याचे नुकसान एक वेळ विमा कंपनी भरेल, पण आपल्या गाडीच्या दुरुस्तीचा दावा अडतो. विमा नावावर करून घ्यायला चौदा दिवस असतात. मालकी हस्तांतराचेही ठरलेले दिवस आहेत: एकाच राज्यातला व्यवहार असेल तर विकणाऱ्याने चौदा दिवसांत आरटीओला कळवायचे, परराज्यात विकली असेल तर पंचेचाळीस दिवसांत, आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत. फॉर्म २९ आणि ३० सह्या करून 'नंतर बघू' म्हणून कपाटात ठेवण्याची आपल्याकडची पद्धत दोघांनाही अडचणीत आणते.

विकणाऱ्या सभासदांनी हे जास्त लक्षात घ्यावे. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 'नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार' या खटल्यात निकाल दिला. गाडी एका हातातून दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या हातात गेली होती, आरसीवर मात्र पहिलाच माणूस राहिला होता. २००९ मध्ये अपघात झाला. न्यायालयाने भरपाईची जबाबदारी नोंदणीवर ज्याचे नाव आहे त्याच्यावरच ठेवली. दोन वर्षांपूर्वी विकलेली गाडी कुठे आहे हेही माहीत नसताना तिच्यामुळे आपल्या नावाने नोटीस येऊ शकते, असा याचा अर्थ. 'पाव्हण्यालाच दिली आहे, करून घेईल नावावर' हा भरवसा नात्यासाठी ठीक आहे, कोर्टात त्याचा उपयोग नाही. उलट पाव्हण्यावर तसा प्रसंग आला तर नातेही जाते. हे आमच्या ओळखीत घडलेले आहे, म्हणून लिहितो.

एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याला आरटीओकडून अधिकृत प्रमाणपत्र घेता येते. अशा व्यापाऱ्याकडे गाडी सोपवली की फॉर्म २९-सी भरून तशी नोंद होते आणि त्या काळातली जबाबदारी त्याच्यावर जाते. आपल्या तालुक्याच्या गावी रस्त्याकडेला चार गाड्या लावून बसणाऱ्यांपैकी किती जणांकडे हे प्रमाणपत्र आहे ते विचारून पाहा. विचारायला पैसे पडत नाहीत, आणि उत्तर देताना समोरच्याचा चेहरा पाहण्यासारखा असतो.

मोबाइलवर एम-परिवहन ॲपमध्ये नंबर टाकला की मालक कितवा, कर्जाचा बोजा आहे का, विमा व नोंदणी कधीपर्यंत, हे बरेचसे दिसते. बाकी चलनही पाहून घ्या. तेलंगणच्या गाडीबाबत मात्र थोडे थांबा. त्या राज्याचा कारभार बरीच वर्षे केंद्राच्या 'वाहन' प्रणालीबाहेर स्वतंत्र चालला, त्यामुळे टीएस पाटीची माहिती त्यांच्याच परिवहन खात्याच्या व्यवस्थेत पाहावी लागते. ॲपमध्ये काही दिसले नाही याचा अर्थ बोजा नाही असा होत नाही. बोजा उतरला असेल तर बँकेचे पत्र आणि फॉर्म ३५ मूळ प्रत मागा. झेरॉक्सवर विश्वास ठेवू नका.

कागद जुळले, चॅसिसवर ठोकलेला नंबर आरसीशी जुळला, की मग बॉनेट उघडा.

गेल्या सप्टेंबरचा पाऊस कोणी विसरलेले नाही. मांजरा, भीमा, कागिणा तिन्ही नद्या पात्राबाहेर आल्या, लातूर, धाराशिव, सोलापूरकडेही तीच गत झाली. पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्या धुऊन, पुसून, सीटकव्हर बदलून आता बाजारात येत आहेत. ऑक्टोबर २०२० च्या हैदराबादच्या पुरानंतरही हेच झाले होते. ओळखायच्या खुणा सोप्या आहेत. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून काढा. खालच्या टोकाला मातकट डाग किंवा कुबट वास असेल तर पाणी तिथवर पोचले होते. पुढची सीट ज्या लोखंडी पट्टीवर सरकते तिच्या आत बोट फिरवा. स्टेपनीच्या खड्ड्यात, डॅशबोर्डखालच्या बोल्टवर गंज पाहा. हेडलाइटच्या काचेत आतून धुके धरते का पाहा. नव्या वासाचा स्प्रे फार मारलेला असेल तर अधिक संशय घ्या. अशा गाडीचे इंजिन आज चालेल, पण वायरिंग आणि सेन्सर वर्ष-दोन वर्षे एकेक करून दगा देत राहतात, आणि हा दोष कोणताही मिस्त्री एका फेरीत कायमचा काढू शकत नाही. पुराची गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये असे आमचे स्पष्ट मत आहे.

डिझेल गाडी पाहायला सकाळी लवकर आणि न सांगता जा. इंजिन गार असताना सुरू करून पाहायचे असते. आपण पोचण्याआधी गरम करून ठेवलेली गाडी निम्मे दोष लपवते. सुरू होताना क्षणभर धूर येणे वेगळे. निळसर धूर येतच राहिला तर ऑइल जळते आहे, टर्बो किंवा रिंगा पाहाव्या लागतील. काळा धूर आणि ओढ कमी असेल तर इंजेक्टर. ऑइलच्या झाकणाखाली दुधी फेस असेल तर पाणी ऑइलमध्ये मिसळते आहे, तिथे बोलणी थांबवा. चढावर तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये पाय दाबला, इंजिनाचा आवाज वाढला पण गाडी पुढे ओढली नाही, तर क्लच गेला. आपल्याकडे सात माणसांच्या गाडीत दहा बसतात, वर टपावर पोते असते, त्यामुळे क्लच आणि मागचे शॉकअप इतर भागांपेक्षा लवकर संपतात. गतिरोधकांचे तर विचारूच नका. लोअर आर्मचे बुश, लिंक रॉड, व्हील बेअरिंग यांचा आवाज ऐकायला काचा खाली करून, रेडिओ बंद करून खराब रस्त्यावरच गाडी चालवा. दलाल हायवेवर नेतो. आपण गावातल्या रस्त्यावर न्या. आणि एसी दुपारी तपासा. कलबुर्गीचा उन्हाळा डिसेंबरच्या सकाळी कळत नाही.

कोणती गाडी घ्यावी हा प्रश्न सगळेच विचारतात. आमच्या अनुभवाने आणि बाजारात जे दिसते त्यावरून थोडे सांगतो.

बोलेरो दिसायला साधी, बसायला कडक, पण औराद, कमलनगर, आळंदपर्यंत प्रत्येक ठिकाणी तिचा मिस्त्री आणि सुटा भाग मिळतो. तिच्यात दरवाजाच्या तळाचा आणि फरशीचा गंज, स्टिअरिंगचा ढिलेपणा, मागच्या पाट्यांची अवस्था पाहा. स्कॉर्पिओ दणकट खरी, पण आधी कोणाकडे होती हे महत्त्वाचे. ठेकेदाराच्या साइटवर पाच वर्षे राबलेली आणि डॉक्टरांच्या दारात उभी राहिलेली, या एकाच मॉडेलच्या दोन वेगळ्या गाड्या असतात.

इनोव्हाचे नाव सगळ्यांच्या तोंडी आहे आणि ते तिने कमावलेले आहे. म्हणूनच तिच्यात फसवणूकही जास्त. अडीच लाख किलोमीटर झालेली इनोव्हा नव्वद हजारांची म्हणून विकली जाते, कारण तेवढे धावूनही ती नीट चालते. मीटरवर विश्वास न ठेवता क्लच-ब्रेकच्या पेडलांचे रबर, स्टिअरिंगचे कातडे, ड्रायव्हरच्या सीटची कड पाहा, आणि कंपनीच्या वर्कशॉपमधली सर्व्हिसची नोंद चॅसिस नंबरावरून काढून घ्या. २०१६ पूर्वीच्या अडीच लिटर इंजिनात टायमिंगचा पट्टा असतो. तो ठरलेल्या टप्प्यावर बदलल्याची पावती नसेल तर बदलायचा खर्च किमतीतून वजा करा. तुटला तर इंजिनच उघडावे लागते. क्रिस्टामध्ये साखळी आहे. इनोव्हा आणि एर्टिगा या दोन्ही हैदराबादच्या कंपन्यांच्या फेऱ्यांवर खूप चालतात, नंतर पिवळी पाटी उतरवून खासगी होतात. आरसीच्या इतिहासात हे कळते.

एर्टिगा आणि ब्रेझाचे १.३ लिटर डिझेल इंजिन चांगले, भाग मिळतात, मायलेज उत्तम. मारुतीने एप्रिल २०२० पासून डिझेल बंद केले, म्हणजे डिझेल हवी असेल तर ती सहा वर्षांची तरी असणारच. डस्टर आणि इकोस्पोर्ट रस्त्यावर अजूनही छान वाटतात, दोन्हीच्या १.५ डिझेलला टायमिंगचा पट्टा आहे. पण फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये भारतातले उत्पादन थांबवण्याचे जाहीर केले. सर्व्हिस मिळते, मात्र कुठे? शेव्हर्ले टवेराचा धडा आपल्याला आहेच. २०१३ मध्ये कंपनीने १ लाख १४ हजारांच्या आसपास टवेरा परत बोलावल्या आणि २०१७ च्या अखेरीस कंपनीने भारतातली विक्रीच बंद केली. आज तिचा भाग शोधताना भंगार बाजार पालथा घालावा लागतो. म्हणून आमची सोपी कसोटी अशी: आपल्या घरापासून चाळीस किलोमीटरच्या आत ती गाडी उघडून नीट करणारा माणूस आहे का? भालकीकराला बिदर, औरादकराला बिदर किंवा उदगीर चालेल. पण दर वेळी हैदराबादला न्यावी लागणारी गाडी कितीही भरवशाची असली तरी आपल्यासाठी ती भरवशाची नाही.

२०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत काजळी अडवणारी जाळी असते, तिला डीपीएफ म्हणतात. घर ते बाजार अशा छोट्या फेऱ्यांत ती तुंबते आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो. वरचेवर लांब पल्ल्याला नेणाऱ्याला त्रास नाही. गावातल्या गावात चालवणाऱ्याने पेट्रोल पाहावे. पेट्रोलमध्ये आता सगळीकडे वीस टक्के इथेनॉल आहे. जुन्या गाड्यांत मायलेज थोडे घटते आणि काही रबरी नळ्या, वायसर लवकर बदलावे लागू शकतात, हे सरकारनेही मान्य केले आहे. एप्रिल २०२३ पूर्वीची पेट्रोल गाडी घेताना इंधनाच्या नळ्या मिस्त्रीकडून पाहून घ्याव्यात, एवढेच. त्यासाठी चांगली गाडी सोडण्याचे कारण नाही.

एक गोष्ट किमतीबद्दल. २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या गाड्यांवरचा जीएसटी उतरला. चार मीटरच्या आतल्या, १,२०० सीसीपर्यंत पेट्रोल किंवा १,५०० सीसीपर्यंत डिझेल गाड्यांवर १८ टक्के, मोठ्या एसयूव्हीवर उपकर धरून ५० टक्क्यांपर्यंत होता तो ४० टक्के. महिंद्राने बोलेरो आणि बोलेरो निओच्या किमती १ लाख २७ हजारांपर्यंत कमी झाल्याचे जाहीर केले. नवी गाडी उतरली की जुनीही त्या प्रमाणात उतरली पाहिजे. पण आपल्याकडचे दलाल अजून मागच्या वर्षीचेच आकडे बोलतात. तीन वर्षांच्या बोलेरोचा भाव ऐकल्यावर आधी शोरूममध्ये जाऊन नवीचा आजचा भाव विचारा, मग बोलायला बसा. आमच्या एका सभासदाने असेच केले आणि शेवटी नवीच घेतली. हप्ता थोडा वाढला, पण नोंदणी, कर, हमी सगळे इथले.

आणि त्या वेळ अमावस्येच्या दोन डीएल गाड्या. एकीच्या मालकाला बिदरचा नंबर मिळाला. एनओसी बिदरच्या नावाने आधीच काढून आणली होती, कर भरला, सात-आठ फेऱ्या झाल्या, काम झाले. दुसरीची एनओसी भलत्याच जिल्ह्याच्या नावाने निघाली. दलालाचा फोन दिवाळीपासून बंद आहे. बारा महिने मार्चमध्ये पूर्ण होतात. गाडी त्या दिवशी शिवारात आली होती ती शेवटचीच, कारण विमाही जुन्या मालकाच्या नावावर आहे आणि घरच्यांनी आता ती लिंबाखाली झाकून ठेवली आहे. मूळ मालकाचा पत्ता आरसीवर आहे. संक्रांतीनंतर मंडळातले दोघे जण त्यांच्याबरोबर दिल्लीला जाणार आहेत.